दमा आणि दमसास

इ. स. १९७२ च्या सप्टेंबर महिन्याची पहिली तारीख. पश्चिम जर्मनीतील म्यूनिक शहरी ऑलिंपिक सामने ऐन रंगात आले होते. ४०० मीटर पोहण्याच्या मुक्त शर्यतीची अंतिम फेरी चालू होती. रिक डिमाँट हा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा आणि ऑस्ट्रेलियाचा ब्रॅड कूपर हे दोघे शेवटच्या फेरीत जवळजवळ बरोबरीने पाणी कापीत होते. दोघांचे हात भिंतीला टेकले, तेव्हा पुढे कोण आणि मागे कोण हे नुसत्या डोळ्यांना कळणे शक्य नव्हते. निर्णय घड्याळाने दिला. डिमाँटला ४ मिनिटे ०.२६ सेकंद लागले होते आणि कूपरला ४ मिनिटे ०.२७ सेकंद. सेकंदाच्या शंभराव्या भागाने डिमाँट विजयी झाला आणि सुवर्णपदक त्याच्या गळ्यात पडले.

परंतु ते पदक त्याच्याजवळ राहिले नाही. शर्यतीनंतरच्या तपासणीत त्याच्या शरीरात इफेड्रिन नावाचे उत्तेजक द्रव्य आढळले. खेळाडूंना ते वर्ज्य होते. डिमाँटला लहानपणापासून दमा होता. आदल्या रात्री त्याची छाती घरघरू लागली, म्हणून त्याने नेहमीची दम्याची गोळी घेतली होती. त्या गोळीत इफेड्रिन होते. आपण कोणती औषधे घेतो हे त्याने आपल्या संघाच्या वैद्यकीय अर्जात आधीच लिहून दिले होते. पण ते औषध चालेल की नाही याची वेळेवर चौकशी कोणी केली नाही. त्याचे पदक काढून घेण्यात आले. १५०० मीटर शर्यतीत त्या वेळचा जागतिक उच्चांक त्याच्याच नावावर होता. त्या शर्यतीच्या अंतिम फेरीतही त्याला उतरू दिले गेले नाही.

ही हकीकत दुःखद आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या मुलाला रात्री अंथरुणात नीट श्वास घेता येत नव्हता, तोच मुलगा दुसऱ्या दिवशी जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटूंच्या पुढे गेला होता. दमा आणि दमसास या दोन गोष्टी एका देहात नांदू शकतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

तरीही, ज्याला दमा आहे त्याने धावू नये, पोहू नये, दमछाक होईल असे काहीच करू नये, अशी समजूत आजही अनेक घरांत आढळते. शाळेच्या मैदानावर सारी मुले धावत असतात आणि दमेकरी मूल कडेला बसून त्यांच्या चपला राखीत असते. त्याला तसे बसविणाऱ्यांच्या मनात मायाच असते. परंतु ही माया त्या मुलाचे हित साधते काय, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम दमा म्हणजे काय आणि धावण्याने तो का उसळतो, हे पाहिले पाहिजे.

नाकातोंडावाटे आत गेलेली हवा घशाखालच्या मोठ्या श्वासनलिकेत शिरते. पुढे या नलिकेला दोन फाटे फुटतात. त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटत जातात. वडाच्या झाडाला खोडापासून शेंड्यापर्यंत फांद्या आणि डहाळ्या फुटाव्यात, तशी ही रचना आहे. फरक एवढाच की हे झाड उलटे आहे. असे सुमारे तेवीस वेळा विभाजन झाल्यावर शेवटी कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश येतात आणि तेथे रक्ताला प्राणवायू मिळतो. मोठ्या नलिकांच्या भिंतींत कूर्चा असतात, म्हणून त्या सहजासहजी मिटत नाहीत. बारीक नलिकांना तसा आधार नसतो. त्यांच्याभोवती स्नायूंचे वेढे मात्र असतात.

दमेकऱ्याच्या या नलिकांना आतून कायमची बारीकशी सूज असते. सुजलेली कातडी जशी साध्या स्पर्शानेही हुळहुळते, तशा या नलिका साध्या कारणानेही चिडतात. धूळ, धूर, फुलांतील पराग, बुरशी, मांजराच्या अंगावरील कोंडा, सर्दी किंवा थंड हवा यांपैकी एखादे निमित्त मिळताच भोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तर अधिक फुगते आणि चिकट कफ सुटू लागतो. अशा रीतीने मार्ग तिन्ही बाजूंनी अरुंद होतो. श्वास आत घेताना छाती फुगते व नलिका थोड्या ताणल्या जातात. श्वास सोडताना त्या अधिकच मिटतात. म्हणून दमेकऱ्याची खरी अडचण श्वास सोडताना होते. अरुंद वाटेने बाहेर पडणारी हवा शीळ घालते आणि तीच छातीतील घरघर म्हणून ऐकू येते.

आता धावण्याचा आणि या विकाराचा संबंध पाहू. शांत बसलेला मनुष्य मिनिटाला सुमारे ६ लिटर हवा आत घेतो. ही हवा बहुधा नाकातून जाते. नाक हे केवळ हवेचे द्वार नव्हे. ते हवा गाळते, ऊबदार करते आणि ओलसर करते. फुप्फुसात पोचेपर्यंत ती शरीराइतकी उष्ण आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. लांब पल्ल्याची शर्यत धावणारा कसलेला खेळाडू मात्र मिनिटाला १०० ते १५० लिटर, कधी त्याहूनही अधिक हवा आत ओढतो. एवढी हवा पुरविणे नाकाला शक्य नसते. म्हणून तोंड उघडते आणि कोरडी, थंड हवा थेट आत शिरते. तिला ओलसर करण्याचे काम आता श्वासनलिकांच्या अस्तरावर येऊन पडते.

या अस्तरावर पाण्याचा अत्यंत पातळ थर असतो. कोरडी हवा त्यातील पाणी शोषून घेते. उन्हाळ्यात मिठागरातील पाणी आटत जावे आणि उरलेले पाणी अधिक खारट होत जावे, तसाच प्रकार येथे घडतो. अस्तरावरील द्रव दाट आणि खारट झाला की तेथील विशिष्ट पेशी डिवचल्या जातात व हिस्टमीन, ल्युकोट्रीन यांसारखी द्रव्ये बाहेर टाकतात. ही द्रव्ये स्नायूंना आवळण्याचा इशारा देतात. म्हणजे धावण्याच्या श्रमांपेक्षा धावताना ओढाव्या लागणाऱ्या कोरड्या हवेमुळेच दमा उसळतो. याच कारणाने बर्फावर कित्येक किलोमीटर सरकत जाणाऱ्या स्की खेळाडूंना हा त्रास विशेष होतो, तर पाण्याच्या पृष्ठभागाजवळची ऊबदार, दमट हवा घेणाऱ्या पोहणाऱ्यांना तो पुष्कळदा कमी होतो. पोहण्याच्या बंदिस्त तलावातील क्लोरीनयुक्त वाफा मात्र काहींना बाधतात, हेही लक्षात ठेवावयास हवे. इतकेच नव्हे, तर वर्षानुवर्षे अशा हवेत कठोर सराव केल्यामुळे, पूर्वी दमा नसलेल्या खेळाडूंच्या नलिकाही चिडक्या बनतात असे आढळून आले आहे.

श्रमाने लागणारी साधी धाप आणि दम्याची धाप यांतील भेदही ओळखता आला पाहिजे. साधी धाप थांबल्याबरोबर उतरू लागते आणि दोनचार मिनिटांत श्वास पूर्ववत् होतो. दम्याची धाप पुष्कळदा थांबल्यानंतरच चढते. धावणे संपल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत ती सर्वांत तीव्र होते. सोबत खोकल्याची ढास, छातीत आवळल्यासारखे वाटणे व घरघर ही लक्षणे दिसतात आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासाने ती ओसरते. ज्या मुलाला शर्यतीनंतर नेहमीच ढास लागते, ते मूल आळशी नसते. पुष्कळदा त्याला दमा असतो आणि तो कोणी ओळखलेला नसतो.

धावण्याचा आणि धापेचा हा संबंध प्राचीनांच्याही ध्यानात आला होता. ग्रीक वैद्य अरेटियस याने धावण्याने व व्यायामाने उद्भवणाऱ्या श्वासकष्टाचे वर्णन केले आहे. आपल्याकडे चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील तमकश्वास हा आजच्या दम्याशी मिळताजुळता आहे. अशा रोग्याला आडवे झाल्यावर त्रास होतो व बसल्यावर बरे वाटते, आणि ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी त्याचा विकार बळावतो, हे त्या ग्रंथातील निरीक्षण आजही कोणत्याही दमेकऱ्याला पटेल. श्रमाने लागणाऱ्या सौम्य धापेला चरकाने क्षुद्रश्वास म्हणून वेगळे स्थान दिले आहे.

निदान पूर्वीच झाले होते; खात्रीचा उपाय मात्र फार उशिरा हाती आला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दमेकऱ्याला गोळ्या घ्याव्या लागत; नाहीतर काचेच्या नाजूक उपकरणाचा रबरी फुगा दाबून औषधाचे तुषार आत ओढावे लागत. १९५५ साली अमेरिकेतील एका औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांवर मारावयाचा फवारा जसा डबीतून निघतो, तसे माझे औषध का निघू नये? मुलीच्या प्रश्नावर बापाने विचार केला आणि पुढच्याच वर्षी ठरावीक मात्रेचा फवारा देणारे छोटे उपकरण बाजारात आले. त्यालाच आज इन्हेलर किंवा बोलीभाषेत पंप असे म्हणतात. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात जाते. इन्हेलरमधील औषध जेथे विकार आहे तेथेच पोचते. म्हणून ते अल्प प्रमाणात पुरते आणि त्याचे दुष्परिणामही कमी असतात. इन्हेलरची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, ही समजूत निराधार आहे.

इन्हेलरमधील औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि त्यांतील भेद समजणे हाच दम्यावरील नियंत्रणाचा पाया होय. पहिल्या प्रकारची औषधे आवळलेले स्नायू सैल करतात. साल्ब्युटामॉल हे त्यांतील सर्वांत परिचित औषध. ते काही मिनिटांत गुण देते. त्याला तात्पुरता आराम देणारे औषध म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारच्या औषधांत सौम्य मात्रेतील स्टेरॉइड असते. ते मूळची सूज हळूहळू उतरविते. त्याचा परिणाम दिसण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

माणसाचा स्वभाव असा, की जे ताबडतोब आराम देते त्यावर त्याचा विश्वास बसतो आणि जे मुकाट्याने काम करते त्याची उपेक्षा होते. दमेकरी पहिले औषध खिशात बाळगतो आणि दुसरे घरी विसरतो. हे म्हणजे छप्पर न शाकारता गळक्या जागी भांडी ठेवीत बसण्यासारखे आहे. आराम देणारे औषध रोज पुनःपुन्हा घेत राहिल्यास त्याचा गुण कमी होत जातो. आतील सूज मात्र तशीच राहते आणि एखाद्या दिवशी झटका प्राणावर बेततो. म्हणूनच २०१९ साली दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत मोठा बदल करण्यात आला. मोठी माणसे आणि बारा वर्षांवरील मुले यांनी केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर विसंबू नये, त्यांच्या उपचारांत सूज उतरविणारे औषध असलेच पाहिजे, असे त्यांत सांगितले आहे. कोणते औषध, किती आणि केव्हा घ्यावयाचे, हे अर्थातच डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

औषध योग्य रीतीने आत जाणेही तितकेच महत्त्वाचे आहे. इन्हेलर दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ बसला नाही, तर औषध घशातच राहते. त्यासाठी इन्हेलरला स्पेसर नावाची पोकळ नळी जोडतात. औषध प्रथम तिच्यात भरते आणि मग सावकाश आत ओढता येते. श्वास ओढल्यावर तो सुमारे दहा सेकंद रोखून धरावा आणि स्टेरॉइडयुक्त औषध घेतल्यावर चूळ भरून टाकावी. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु औषधाने गुण येत नाही असे म्हणणाऱ्या पुष्कळांची चूक याच ठिकाणी असते.

या औषधोपचाराला शिस्तीची जोड मिळाली म्हणजे काय घडू शकते, हे इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ हिने दाखवून दिले. तिला दमा असल्याचे निदान झाले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिने धावणे सोडले नाही. औषध घेणे हा आपल्या सरावाचाच एक भाग मानला. १३ एप्रिल २००३ रोजी लंडन येथे तिने मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत तोडले. आधीचा उच्चांकही तिचाच होता. तो तिने जवळजवळ दोन मिनिटांनी मागे टाकला. तो नवा उच्चांक सोळा वर्षे अबाधित राहिला आणि २०१९ साली शिकागो येथे मोडला गेला. पूर्णपणे निरोगी फुप्फुसांच्या कित्येक धावपटूंना जे साधले नाही, ते एका दमेकरी स्त्रीने करून दाखविले होते.

दमेकरी खेळाडूच्या सरावात इतरांहून वेगळे असे काय असते? प्रथम, तो आपला श्वास मोजतो. १९५९ साली ब्रिटनमध्ये राइट यांनी जोराने फुंकलेल्या हवेचा वेग मोजणाऱ्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे त्याची लहान, स्वस्त आवृत्ती निघाली आणि ती घरोघरी वापरता येऊ लागली. प्रकृती उत्तम असताना येणारा आकडा ही स्वतःची कसोटी मानावयाची. सकाळचा आकडा तिच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर नेहमीचा सराव करण्यास हरकत नसते. ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सावध होऊन उपचार तपासावे लागतात. आणि ५० टक्क्यांखाली गेल्यास तत्काळ औषध घेऊन डॉक्टर गाठावा लागतो. कित्येकदा घरघर सुरू होण्याच्या आधीच हा आकडा घसरू लागतो. अशा रीतीने शरीराची सूचना कानांवर येण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे अंग गरम करण्याची पद्धत. मुख्य धावण्यापूर्वी दहापंधरा मिनिटे सावकाश धावून मध्येमध्ये थोड्या सेकंदांच्या वेगवान दौडी घेतल्या, तर अनेक दमेकऱ्यांच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. त्यानंतर तासदोन तास त्यांच्या नलिका सहसा पूर्वीइतक्या आवळत नाहीत. सुमारे निम्म्या दमेकऱ्यांना हा लाभ मिळतो. डॉक्टरांनी सांगितले असल्यास सरावापूर्वी दहापंधरा मिनिटे औषधाचा फवाराही घेतात. सराव संपल्यावर एकदम न थांबता हळूहळू वेग कमी करीत थांबतात. थंडीत नाकातोंडावर मफलर गुंडाळला, तर सोडलेल्या श्वासातील ऊब व ओलावा त्यात राहतो आणि पुढचा श्वास तितका कोरडा लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे स्थळकाळाचा विवेक. हिवाळ्यातील पहाट ही व्यायामाची उत्तम वेळ, असे सामान्यतः मानले जाते. परंतु शहरांत त्याच वेळी धूर व धूळ जमिनीलगत साचून राहते. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने, तर पावसाळ्यात ओलसर भिंतींवरील बुरशीने काहींचा दमा वाढतो. अशा वेळी सरावाची वेळ बदलावी, जागा बदलावी अथवा घरातच व्यायाम करावा. सर्दी-पडसे झाले असता कठोर सराव टाळावा. पल्ला आणि वेग ही दोन्ही एकदम न वाढविता क्रमाक्रमाने वाढवावीत. आपल्याला दमा आहे हे शिक्षकांना व सोबत्यांना सांगून ठेवावे आणि इन्हेलर घरी किंवा दप्तरात न ठेवता हाताशी ठेवावा.

इतकी काळजी घेऊनही कधी झटका आलाच, तर धावणे तत्क्षणी थांबवावे. रोग्याला आडवे न निजविता ताठ बसवावे, कपडे सैल करावेत आणि आराम देणारे औषध डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात द्यावे. त्याने उतार न पडल्यास, बोलताना वाक्य पुरे करता येत नसल्यास किंवा ओठ निळसर दिसू लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. धाप कायम असून घरघर एकाएकी बंद झाली, तर बरे वाटू लागले असा समज करून घेऊ नये. नलिकांतून हवाच जाईनाशी झाली, म्हणजेही आवाज थांबतो. हा सर्वांत धोक्याचा इशारा असतो. जिद्दीने धाप सोसून शर्यत पुरी करणे हे येथे शौर्य ठरत नाही.

हा विवेक थोर खेळाडूंनाही सुटत नाही. इथिओपियाचा हायले गेब्रसेलासी हा १९९६ व २००० या दोन ऑलिंपिक सामन्यांत १०,००० मीटर शर्यतीचा विजेता होता आणि २००७ पासून मॅरेथॉनचा जागतिक उच्चांकही त्याच्याच नावावर होता. त्यालाही दमा होता. २००८ चे ऑलिंपिक सामने बीजिंग येथे व्हावयाचे होते आणि त्या शहराची हवा दूषित असल्याची सर्वत्र चर्चा होती. दोन तासांहून अधिक काळ त्या हवेत धावणे आपल्या प्रकृतीला मानवणार नाही, असे ठरवून त्याने मॅरेथॉनमधून माघार घेतली आणि केवळ १०,००० मीटर शर्यतीत भाग घेतला. त्या शर्यतीत तो सहावा आला. मॅरेथॉनच्या दिवशी बीजिंगची हवा भीती होती तितकी वाईट निघाली नाही. पण हे आधी कोणाला सांगता आले असते? पुढच्याच महिन्यात, २८ सप्टेंबर रोजी, बर्लिनच्या स्वच्छ हवेत तो २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांत मॅरेथॉन धावला आणि त्याने स्वतःचाच उच्चांक मोडला. एक संधी सोडून त्याने आपला श्वास राखला आणि राखलेल्या श्वासाने दुसरी संधी साधली.

दमेकरी खेळाडूंकडे पाहण्याची जगाची दृष्टीही मधल्या काळात बदलली होती. म्यूनिकच्या अनुभवाने अनेकांचे डोळे उघडले. १९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकपूर्वी अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी ६७ जणांना श्रमाने दमा उसळण्याचा विकार असल्याचे आढळले. योग्य उपचार घेऊन ते सामन्यांत उतरले आणि त्यांनी ४१ पदके मिळविली. आज साल्ब्युटामॉलसारखे औषध श्वासावाटे ठरावीक मर्यादेत घेण्यास खेळाडूंना परवानगी आहे. चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅम ही ती मर्यादा होय. दम्याच्या इतर काही औषधांसाठी पूर्वपरवानगी काढावी लागते. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्या दमेकऱ्याने आपल्या औषधाचे नाव आणि त्याविषयीचा नियम या दोहोंचीही माहिती ठेवली पाहिजे.

डिमाँटच्या वेळी ही व्यवस्था नव्हती. म्यूनिकहून तो रिकाम्या हाताने परतला. वयाच्या सोळाव्या वर्षी एवढा आघात झाल्यावर एखाद्याने पोहणेच सोडून दिले असते. परंतु पुढच्या वर्षी, १९७३ साली, युगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे पोहण्याच्या पहिल्या जागतिक स्पर्धा भरल्या, तेव्हा डिमाँट आणि कूपर पुन्हा शेजारी शेजारी उभे राहिले. तोपर्यंत जगात कोणीही ४०० मीटर अंतर चार मिनिटांच्या आत पोहून गेला नव्हता. त्या दिवशी डिमाँटने ते ३ मिनिटे ५८.१८ सेकंदांत पार केले. कूपरही चार मिनिटांच्या आत आला; परंतु या वेळी डिमाँटच्या विजयाविषयी कोणालाही शंका घेता आली नाही. त्याने आपले औषध योग्य रीतीने कळविले होते, हे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २००१ साली मान्य केले. म्यूनिकचे पदक मात्र त्याला परत मिळाले नाही.

दमा बहुधा मुळापासून नाहीसा होत नाही. त्याला ओळखणे, मोजणे आणि ताब्यात ठेवणे मात्र शक्य आहे. निरोगी मुलाला आपल्या श्वासाची आठवणही नसते. दमेकरी मुलाला ती रोज ठेवावी लागते. रोजच्या दक्षतेचे हे ओझे खरेच आहे. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतीला लागणारे गुणही हेच आहेत: स्वतःची ताकद ओळखणे, नेम न चुकविणे, घाई न करणे आणि वेळ पडल्यास थांबणे. मैदानाच्या कडेला चपला राखीत बसलेल्या मुलापाशी हे गुण असतील. त्याच्या हाती योग्य औषध द्यावे, त्याला अंग गरम करण्यास शिकवावे, आणि मग इतरांबरोबर त्यालाही धावण्याच्या रेषेवर उभे करावे.